उंबरापुढची तार

माझा धाकटा भाऊ जहाजावरची नोकरी सोडून माझ्याकडे राहायला आला, तेव्हा मी त्याला चहा द्यायच्या आधीच विचारलं, की तुला काढून टाकलं का. तो म्हणाला, नाही, मीच सोडली, कंटाळा आला. मला ते पटलं नाही. मिसरूड फुटल्यापासून ज्यानं मालवाहू जहाजांवर दिवस काढले, त्याला निवृत्ती जवळ आलेली असताना एकदम कंटाळा येतो, हे कोणाला सांगायचं? बायको नाही, पोर नाही, म्हणजे घरून कोणी बोलावलं असंही नाही. मी मनात धरून चालले की चोरी, मारामारी किंवा दारू, यातलं काहीतरी आहे. चोरी तो करणार नाही. मारामारीचा त्याचा स्वभाव नाही. राहिली दारू.

माझी शाळा चौथीत सुटली. पण खोटं बोलणारा माणूस कुठं बघतो, ते समजायला शाळा लागत नाही. तो माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या खांद्याच्या बाजूला, भिंतीवरच्या खुंटीकडे बघून बोलत होता.

आमचं शेत तापीच्या काठावर आहे, बुऱ्हाणपूरहून रिक्षा करून येता येतं. नवरा गेल्यापासून मी शेतातल्या घरातच राहते. मुलगा शहरात मास्तर आहे, सून आणि नातवंडं त्याच्याकडे. केळी आहे, वरच्या तुकड्यात कापूस. खाली बंधारा आहे, त्याच्या फळ्या टाकल्या की आमच्या बाजूला नदीचं पाणी तुंबून चांगलं खोल राहतं. शेताच्या कडेनं एक नाला येतो आणि नदीला मिळतो, त्यातही पाणी चढतं. नाल्याच्या पलीकडे माझ्या चुलत दिराची केळी. त्याचं आणि आमचं नाल्यातल्या एका कोपऱ्यावरून वाजलेलं आहे, नवरा जिवंत असल्यापासून बोलणं बंद.

भाऊ आला त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका ट्रकमधून बोट आली. पांढरी, लहान, चार माणसं बसतील अशी, आणि तिच्याबरोबर एक लांब पोकळ खांब, अॅल्युमिनियमचा. खंडव्याकडच्या कुठल्याशा धरणावर कोणी सहलींचा धंदा काढला होता, तो बंद पडला, तिथली ती बोट. मी म्हटलं, "केळीच्या ट्रकमधून केळी जातात. हे काय आलं?"

"शिडाची बोट आहे, अक्का. ही तिची डोलकाठी."

"तुकईथडच्या माणसाला बोट कशाला?"

आमचं माहेर तुकईथडचं. तिथं आम्ही पाणी पाहिलं ते विहिरीत. तो डोलकाठीवरून हात फिरवत राहिला. तेव्हाही मला वाटलं होतं, हा बघतो कमी आणि चाचपतो जास्त. पण नवीन वस्तू माणूस चाचपतोच.

ती डोलकाठी पहिल्यांदा उभी केली ती पाण्यात नाही, आमच्या केळीच्या कडेला, जमिनीवर. तिचा बुडखा बोटीच्या मध्ये एका कडीत आडव्या खिळ्यानं अडकवलेला असतो. त्या खिळ्यावर ती मागं झोपते आणि पुढं उभी राहते. दोन दोर बाजूला, डावा आणि उजवा. एक दोर शेंड्यापासून बोटीच्या नाकापर्यंत. भावानं मला डावा दोर धरायला दिला. मी तो धरून काय उभी राहणार, मी तो शेजारच्या टेकूच्या बांबूला बांधून टाकला आणि आमच्या पद्धतीनं सैल बांधला. आमच्याकडे घड धरला की केळ झुकते, तिला बांबूचा टेकू देतात आणि पट्टीनं बांधतात. ती पट्टी आवळायची नसते. केळीला वाऱ्यात हलायला जागा ठेवली नाही तर खोड कापलं जातं. जन्मभर मी मजुरांच्या मागं लागून हेच सांगत आले, की सैल, अजून सैल.

डोलकाठी उभी राहिली, डुलली, आणि उजवीकडे जाऊन घडासकट एका केळीवर पडली. घड गेला. भाऊ म्हणाला, तू बांधलंस की ओवाळलंस? मी म्हटलं, मला काय माहीत तुझ्या खांबाला गळा आवळून घ्यायची आवड आहे. मग त्यानं मला नीट समजावलं. बाजूचे दोर घट्ट असतील तर ती बाजूला पडत नाही. पण उभी राहते ती पुढच्या दोरावर. तो बोटीच्या नाकाशी एका गाठीनं बांधलेला असतो, आणि त्या गाठीचं एक शेपूट मोकळं सोडलेलं असतं. शेपूट ओढलं की गाठ सुटते आणि डोलकाठी मागं निजते. मागं बेचकी ठेवलेली आहे, तिच्यात ती येऊन बसते. त्यानं माझ्याकडून ते शेपूट ओढवून घेतलं. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. बैलाचं दावंही असंच सोडतात.

आता तारेचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. चुलत दिराची मोटार नाल्याच्या त्याच्या बाजूला, आणि विजेची डीपी आमच्या बाजूला. म्हणून त्याची तार नाल्यावरून जाते. आमच्या काठावर बांबू, त्याच्या काठावर एक जुना उंबर, त्या दोघांवर टांगलेली, मध्ये झोल आलेली. बोट बांधायची जागा नाल्यात, तारेच्या आत. म्हणजे नदीवर जायचं तर डोलकाठी पाडून निघायचं, उंबरापाशी तारेखालून जायचं, आणि पलीकडे नाला रुंद होतो तिथं ती उभी करायची. नदीत गेल्यावर वारा लागतो, तिथं एकट्याला उभी करणं जड जातं. परत येताना उलटं, उंबर यायच्या आत पाडायची.

मुलाला हे कळलं तेव्हा तो मोटारसायकल काढून सरळ शेतात आला. त्यानं तार पाहिली, खांब पाहिला. तो मामाला मान देऊन बोलतो, पण त्या दिवशी तो मास्तरासारखा बोलला.

"मामा, एकदा जरी हा खांब उभा राहून तारेखाली गेला ना, तर घरी काही आणायला उरणार नाही. मला एकदा जरी कळलं की तुम्ही चुकलात, मी त्याच दिवशी ही बोट विकून टाकीन."

भाऊ म्हणाला, बराबर आहे. आणि खरंच, एकदाही चुकला नाही. पावसाळा संपल्यावर बंधाऱ्याच्या फळ्या टाकल्या, नाला भरला, आणि तो रोज जायला लागला. मी केळीच्या कडेला उभी राहून बघायची. तो वल्ह्यानं हळूहळू उंबरापर्यंत जायचा, उंबराच्या खोडाला हात लावायचा, पुढं सरकायचा, आणि मग डोलकाठी उभी करायची तयारी करायचा. एका हातानं उचलायची, दुसऱ्या हातानं पुढचा दोर ओढायचा, मग नाकापाशी जाऊन गाठ मारायची. गाठ मारल्यावर तीन-चारदा चाचपून बघायची. मग शीड वर जायचं आणि तो नदीत निघून जायचा, पांढरा ठिपका होईपर्यंत.

मला खटकलं ते उंबराचं. माझा भाऊ कधी कुठल्या देवळाच्या पायरीला हात लावत नाही. आमच्या आईच्या तेराव्याला त्यानं गुरुजींना विचारलं होतं की हे सगळं कधी संपेल. असा माणूस रोज, जाताना आणि येताना, उंबराला हात लावतो? त्या उंबराच्या खोडाला माणसाच्या छातीइतक्या उंचीवर एक ढोली आहे. मी म्हटलं, बाटली तिथं आहे.

तो गावात दाढी करायला गेला तेव्हा मी लुगड्याचा ओचा खोचला आणि नाल्याच्या पाण्यातून पलीकडे गेले. तेव्हा फळ्या दुरुस्तीसाठी काढलेल्या होत्या म्हणून पाणी गुडघ्याएवढंच होतं. दिराच्या हद्दीत पाऊल टाकायची नवरा गेल्यानंतर ती माझी पहिली वेळ. ढोलीत हात घातला. मुंगळे निघाले, कोपरापर्यंत चावले. बाटली नव्हती. मी काठीनंही ढवळून पाहिलं.

मग मी घरात शोधलं. त्याची पेटी, गादी, बोटीतली आसनाखालची जागा. तो जेवायला बसला की मी वाढायच्या निमित्तानं जवळ वाकून वास घ्यायची. लसणाचा वास यायचा, तो माझ्याच चटणीचा. पण माणसाची बाकी लक्षणं पक्की पिणाऱ्याची होती. बाज मी अंगणातून पडवीत सरकवली तर तो तिच्यावर आदळला. ताटातली भाजी उजवीकडे असली तर खायचा, डावीकडे असली तर राहून जायची आणि म्हणायचा, आज भाजी नाही केली का. चहा ओतताना बोट कपात घालायचा. मी विचारलं, तर म्हणाला, जहाज हलतं, तिथली सवय आहे. शाहपूरच्या बाजारात मी त्याला घेऊन गेले, तर आमच्याच आळीतली बाई समोरून हसत आली आणि हा तिच्या अंगावरून सरळ पुढं गेला. ती बाई मला नंतर म्हणाली, तुमच्या भावाला फार मिजास आहे. मी म्हटलं, मिजास नाही, दुसरंच काहीतरी आहे, कळलं की सांगीन.

डोळ्यांचं माझ्या मनात आलं नाही असं नाही. पण डोळ्यांनी कमी दिसणारा माणूस शिडाची बोट घेऊन नदीत जातो आणि तारेखालून रोज बिनचूक निघतो, हे मला जुळवता येईना. दिसत नसेल तर तार कशी चुकवतो? दिसत असेल तर माझी बाज कशी दिसत नाही? दोन्ही एका माणसात बसत नव्हतं. मी त्याला एकदा चष्म्याचं विचारलं. तो म्हणाला, "माझे डोळे जहाजावर तपासत होते, अक्का. तुझ्यापेक्षा चांगले आहेत." बोलताना पुन्हा त्या खुंटीकडे बघत होता.

होळी झाली. ऊन वाढलं तसं पाणी उतरायला लागलं. दर वर्षी पाणी उतरलं की नदीकाठचे सगळे आपापली मोटार खाली सरकवतात, पाण्याच्या मागं मागं. दिरानंही त्याची मोटार नदीच्या बाजूला नेली. मोटार गेली तशी तारही गेली. उंबरावरून सोडवून त्यानं ती पुढं, नाला जिथं नदीला मिळतो त्याच्या थोडं अलीकडे, दोन नव्या बांबूंवर टांगली. त्याच संध्याकाळी त्याच्या शेतातल्या बाईनं नाल्यापलीकडून मला ओरडून सांगितलं, की मालक म्हणतात, तार पुढं घेतलीय, बोटवाल्या मामांना सांगा.

मी म्हटलं, सांगते. आणि सांगितलं नाही.

मला बघायचं होतं. ज्याला तार दिसते तो नवी तार बघेल आणि डोलकाठी तिच्या पलीकडे जाऊन उभी करील. विषय संपला. ज्याला दिसत नाही तो उंबराला हात लावील आणि तिथंच उभी करील. भावाला सांगून मी विचारलं असतं तर त्यानं मला पुन्हा काहीतरी सांगून गप्प केलं असतं. आणि दिराचाही मला भरवसा नव्हता. नव्या तारेचा झोल मला आधीच्यापेक्षा खाली वाटत होता. नाल्याचा तो कोपरा त्याला हवाय, बोट त्याला नको आहे, हे मला माहीत होतं. निरोप पाठवला म्हणून काय झालं? निरोप पाठवणारा माणूस नंतर म्हणायला मोकळा असतो.

पण मी काही वेडी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाइट जायची वाट पाहिली. शेतीची लाइट आमच्याकडे ठरलेल्या वेळी येते आणि जाते. त्या आठवड्यात ती सकाळी उशिरापर्यंत होती. मी पडवीत बसून दिराच्या मोटारीचा आवाज ऐकत राहिले. आवाज थांबला, पाइपातून पाणी पडायचं थांबलं, घरातला पंखाही थांबला. तेव्हा मी चप्पल घातली आणि नाल्यावर गेले. भाऊ बोट सोडतच होता. मी म्हटलं, मी येते.

त्यानं आधी ऐकलं नाही असं केलं. इतक्या महिन्यांत मी एकदाही बसले नव्हते. मग म्हणाला, "का?"

"शेत माझं, नाला माझा, भाऊ माझा. मला कारण लागतं का?"

"चप्पल काढून बस. आणि नाकाशी बस, मध्ये पाय घालू नको."

मी नाकाशी बसले, त्याच्याकडे तोंड करून. डोलकाठी आमच्या मधून मागं निजलेली होती, तिचा शेंडा त्याच्याही मागं पाण्यावर गेलेला. तो मागं बसून वल्हं मारत होता. उंबराची सावली आली. त्यानं हात लांब करून खोडाला लावला. मी त्याचा चेहरा बघत होते. त्यानं वर बघितलं नाही. ज्या फांदीला तार बांधलेली होती, ती फांदी मोकळी होती. दोराचा तुकडा फक्त लोंबत होता. त्यानं बघितलं नाही. पुढं सरकला, वल्हं आत घेतलं, उठला, आणि डोलकाठी उचलायला लागला.

मी मान वळवून पुढं बघितलं. तार मला स्वच्छ दिसत होती. तिच्यावर एक खंड्या बसलेला होता.

तो माझ्या बाजूला येऊन वाकला, माझ्या पायाशी दोर ओढला, गाठ मारली, चाचपली. "किती वारा आहे बघ आज," म्हणाला. मग मागं जाऊन पुन्हा वल्हं धरलं. मी तोंड उघडलं नाही. तार मेलेली आहे, डोलकाठी तिला जाऊन टेकेल, अडकेल, आणि मग मी विचारीन, असं मी ठरवलं होतं. बाकी काही होणार नव्हतं.

तेवढ्यात दिराची मोटार सुरू झाली.

काही जणांनी आता मोटारीला ऑटो बसवून घेतलाय. लाइट आली की मोटार आपोआप चालू होते, शेतात माणूस असायची गरज नाही. दिरानं बसवलाय हे मला माहीत होतं. गेलेली लाइट अशी मध्येच परत येईल हे मी धरलं नव्हतं, एवढंच. खंड्या तसाच बसून राहिला. एका तारेवर बसणाऱ्याला काही होत नाही. आम्ही पाण्यात होतो आणि आमच्यामध्ये धातूचा खांब उभा होता.

भावानं मोटारीचा आवाज ऐकला. त्याचं वल्हं थांबलं. तो आवाज त्याला मागून, उंबराच्या बाजूनं यायला हवा होता आणि तो पुढून येत होता. मी त्याच्या तोंडावर ते वाचलं. पण बोट थांबली नव्हती, ती आपल्या वेगानं जात होती.

"खाली बस," मी म्हटलं, आणि पायाशी वाकून शेपूट ओढलं.

गाठ सुटली. डोलकाठी थोडी उभीच राहिली आणि मग एकदम मागं गेली. बेचकीत पडली नाही, भावाच्या खांद्याला घासून बोटीच्या काठावर आपटली. बोट इतकी हलली की माझं अर्धं लुगडं भिजलं. आम्ही तारेखालून गेलो. मी बसल्या जागी अजून खाली झाले. खंड्या उडाला.

पलीकडे, नदीच्या तोंडाशी, बोट आपोआप गाळात जाऊन थांबली. मोटार चालू होती आणि पाणी पाइपातून दिराच्या केळीत पडत होतं. भाऊ खांदा धरून बसला होता. त्यानं विचारलं, "तार कुठं आहे?"

"मागं. आत्ताच गेली."

त्यानं मागं वळून वर बघितलं. त्यानं बघितलं ते उंबराच्या बाजूला, तारेच्या कितीतरी पलीकडे, जिथं आभाळाशिवाय काही नव्हतं. तिथंच बघत राहिला, मी काहीतरी म्हणावं म्हणून.

"तिथं नाही," मी म्हटलं.

मग तो पुढं तोंड करून बसला. मी लुगडं पिळून घेतलं. शेवटी मी विचारलं, कधीपासून. तो म्हणाला, जहाजावर असतानाच. तिथल्या तपासणीत नापास झाला, म्हणून घरी पाठवलं. डोळ्याच्या मागची नस सुकत चाललीय, गेलेलं परत येत नाही, राहिलेलं थेंब टाकून जितके दिवस टिकेल तितकं. झाडं दिसतात, पाणी दिसतं, समोरचं शीड दिसतं. बाजूचं दिसत नाही. तारेसारखं बारीक काही दिसत नाही.

"थेंब कुठं आहेत? मी तुझी पेटी बघितलीय."

"खिशात असतात. तू पेटी बघणार हे मला माहीत होतं."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू मला पडवीत बसवून ठेवलं असतंस."

"ठेवलंच असतं."

"मग." तो म्हणाला. "दिसतंय तोवर चालवावी म्हणून घेतली, अक्का. पडवीत काय, नंतर बसायचंच आहे."

मला राग आला होता तो याचा, की मी मुंगळे चावून घेतले होते आणि उत्तर त्याच्या खिशात होतं.

संध्याकाळ व्हायच्या आत मी दिराच्या शेतात गेले. या वेळी रस्त्यानं, फाटकातून. तो केळीत पाणी धरत होता. मला बघून त्यानं फावडं टाकलं. मी म्हटलं, "भाऊजी, तुमच्या ऑटोमुळे आज आम्ही दोघं गेलो असतो."

तो म्हणाला, "निरोप दिला होता ना, वहिनी."

"मिळाला होता. तार इतकी खाली का टांगली?"

"खाली कुठं? आधीपेक्षा वरच आहे. बांबू उंच घेतले, तुमच्या त्या खांबासाठीच. तुम्ही उभ्या राहून बघा."

मी जाऊन बघितलं. वरच होती, थोडी. पण डोलकाठी तिच्याहून उंच होती, त्यामुळे त्याच्या उंच बांबूंचा काही उपयोग नव्हता, आणि ते मी त्याला सांगितलं. मग मी त्याला भावाच्या डोळ्यांचं सांगितलं. ते त्याला पटेना. तो म्हणाला, "अहो, पण रोज तर ते औदुंबराला नमस्कार करून जातात. मी इथून बघतो. मी घरी सांगितलं होतं, की जहाजावर राहून आला तरी दत्ताला विसरला नाही. त्यांच्यासाठी म्हणून मी ती पुढं आलेली फांदी तोडायची राहू दिली."

"नमस्कार नव्हता तो. उंबर आला का ते बघत होता."

त्यानं टाकलेलं फावडं उचललं. नंतर म्हणाला की बोट जायची असेल तेव्हा सांगत जा, मी मोटार बंद ठेवीन. मी म्हटलं, बंद ठेवलेली मोटार आपोआप चालू होते हे मी आजच बघितलंय, तुम्ही तो ऑटोच काढा. तो म्हणाला, बघतो. त्यानं तो अजून काढलेला नाही. बोट निघायच्या आधी मी जाऊन ऑटोची वायर काढलेली आहे का ते आपलं आपण बघून येते, त्यालाही आता सवय झालीय; आम्ही नदीत गेलो की तो ती पुन्हा जोडतो.

मुलाला मी फोनवर सगळं सांगितलं, लाइट येण्यासकट. तो दुसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, ठरलं होतं तसं बोट विकायची. मी विचारलं, कोण विकणार? बोट मामाची आहे आणि ती ज्या जमिनीला बांधलीय ती अजून माझ्या नावावर आहे. तो म्हणाला, आई, त्याला दिसत नाही. मी म्हटलं, मला दिसतं. त्यानं विचारलं, म्हणजे तू या वयात रोज बोटीत बसणार? मी म्हटलं, रोज नाही, गुडघे दुखतील त्या दिवशी बोट राहील. तो बराच वेळ मामाशी बोलत बसला. शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तोच त्याला घेऊन गेला. त्यांनी जहाजावरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच सांगितलं आणि थेंब बदलून दिले. जाताना मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, नाल्यात डोलकाठी उभीच करायची नाही, नदीत गेल्यावरच. हे मात्र त्याचं बरोबर होतं. मी होय म्हटलं.

तेव्हापासून आम्ही तसंच करतो. नाला पूर्ण संपेपर्यंत डोलकाठी निजलेली. तार मागं गेली की मी तसं सांगते, नदीचं तोंड ओलांडलं की सांगते, मग तो ती उभी करतो. नदीत वारा असतो, त्याला जड जातं, मी बाजूचा दोर धरते. सैल धरत नाही. शीड वर गेलं की माझं काम संपतं. मला त्यात काही आनंद वाटतो असं नाही. ऊन लागतं, बोट एका अंगावर तिरपी होते, आणि तो म्हणतो, काही होत नाही. परत येताना माझी जबाबदारी जास्त. तार यायच्या बऱ्याच आधी मी म्हणते, पाड.

पाणी अजून उतरलं तशी दिरानं मोटार पुन्हा एकदा सरकवली. तार आता जवळजवळ नदीतच आली आहे. म्हणजे आम्हाला डोलकाठी अजून लवकर पाडावी लागते आणि भावाचं शीड मिरवणं तेवढं कमी झालंय. परवा मी "पाड" म्हटलं, तर त्यानं हात हलवला नाही.

"तार खरंच आली का, अक्का?"

"आली."

"मोटारीचा आवाज अजून लांब आहे."

"वारा उलटा आहे."

"वारा माझ्या तोंडावर लागतोय. तिकडूनच येतोय." तो म्हणाला. "तू मला रोज थोडं थोडं अलीकडे पाडायला लावतेस."

मी लावते. मला तार दुरून दिसलेली बरी. मी त्याला म्हटलं, दिसतं कोणाला, तुला का मला? त्यानं पाडली. पण कुरकुरत, आणि बेचकीत बसल्यावर वल्हं मारता मारता तो मोटारीचा आवाज यायला किती वेळ लागतो ते मनात धरत होता, हे मला कळत होतं.

काल सकाळी मी नाल्यावर गेले तर तो बोटीत वाकून काहीतरी करत होता. त्यानं नाकाशी एक कडी बसवून घेतली आहे. पुढचा दोर आता त्या कडीतून फिरवून बोटीच्या तळाकडून थेट मागं, त्याच्या बसायच्या जागेपर्यंत आणलाय. गाठ तिथं, शेपूट तिथं, त्याच्या मांडीखाली. माझ्या पायाशी नुसती कडी राहिली आहे, ओढायला काही नाही.

मी विचारलं, हे कशाला. तो म्हणाला, "सोयीचं पडतं. मला पुढं यावं लागत नाही." बोलताना तो नाल्याच्या पाण्याकडे बघत होता.

मी चप्पल काढली आणि नाकाशी जाऊन बसले.